पऱ्हाटीच्या वाटेने अलाबामा

अमेरिकेला शिकायला निघालेल्या पोरापोरींच्या यादीत अलाबामा सहसा नसतं. टेक्सास असतं, कॅलिफोर्निया असतं, थंडी सोसायची तयारी असेल तर इलिनॉय, मिशिगन असतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आमच्या मृदाशास्त्राच्या वर्गातही तसंच होतं. ज्यांना बाहेर जायचं होतं ते आयोवा नाहीतर नेब्रास्का म्हणायचे, कारण तिथे आधी कुणीतरी ओळखीचं पोचलेलं होतं. माझ्या वाट्याला अलाबामा आलं ते ऑबर्न विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांच्या ईमेलमुळे. त्यांच्याकडे कापसाच्या जमिनीतल्या सेंद्रिय कर्बावरचा प्रकल्प होता, त्यासाठी पैसे होते, आणि वऱ्हाडातल्या मुलीला कापूस म्हणजे काय हे पहिल्यापासून शिकवावं लागणार नाही असा त्यांचा अंदाज होता. अंदाज बरोबर आहे.

परदेशी शिक्षणाच्या बाबतीत एक गोष्ट कुणी स्पष्ट बोलत नाही. आपण विद्यापीठ निवडतो, प्राध्यापक निवडतो, असिस्टंटशिप कुठे मिळते ते पाहतो. राज्य कुणीच निवडत नाही. ते पदवीसोबत आपोआप येतं, आणि मग पुढची चारपाच वर्षं राहायचं मात्र त्याच राज्यात असतं.

घरी सांगितलं तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "तिथंबी पऱ्हाटीच हाय का?" मी म्हटलं हो, कापूसच. "मंग तिकडं कायले जातं? आपल्या वावरात काय वांगे लावले काय?" नागपूरच्या मामांनी त्याच रात्री इंटरनेटवर शोधाशोध केली आणि दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सअ‍ॅपवर मला अलाबामा यायला लागलं. पहिला व्हिडिओ चक्रीवादळाचा होता. २७ एप्रिल २०११ला एका दिवसात राज्यात साठेक टोर्नेडो उतरले, दोनशेहून जास्त माणसं गेली, टस्कलूसा शहराचा एक पट्टाच्या पट्टा भुईसपाट झाला. दुसरी बातमी वाचून आई गप्प झाली. २०१५ साली हंट्सव्हिलजवळच्या मॅडिसन गावात, मुलाकडे राहायला आलेले गुजरातमधले एक आजोबा सकाळी घराबाहेर पायी फिरत होते. कुणा शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना असं जमिनीवर आपटलं की मणक्याला मार बसून त्यांचे हातपाय लुळे पडले. गव्हर्नरांनी माफी मागितली. त्या पोलिसावर खटला चालला, आणि तो सुटला.

आईला मी काय सांगणार? वादळाचा भोंगा वाजला की घराच्या आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत जायचं असतं हे सांगता आलं. दुसऱ्या बातमीवर तसं सांगण्यासारखं काही नव्हतं. घडलं ते घडलंय, आणि मी त्याच राज्यात चाललेय.

खरं तर मराठी वाचकाला अलाबामा अगदीच परकं नाही. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आपल्याकडे शाळेच्या बक्षीस समारंभात इतकं वाटलं गेलंय की ज्या घरात दहा पुस्तकं आहेत त्यातलं एक ते असतंच. आमच्या घरी दोन प्रती आहेत, एक माझी आणि एक मामेभावाची. त्यामुळे कार्व्हरांचं टस्कीगी हे नाव मला न्यूयॉर्कच्या आधी माहीत होतं, म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. नकाशावर पाहिलं तर टस्कीगी ऑबर्नपासून तीसेक किलोमीटरवर. म्हणजे आमच्याकडून मूर्तिजापूर जेवढं, त्याहून जवळ. हे कळल्यावर घरातली हवा जरा निवळली. बाबांनीही पुस्तक पुन्हा काढलं.

पण लहानपणी वाचलेलं टस्कीगी आणि आता शोधत गेल्यावर दिसलेलं टस्कीगी, दोन्ही एकत्र ठेवून पाहावी लागतात. १८८१ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी तिथे काळ्यांसाठी शाळा सुरू केली, १८९६ साली कार्व्हर आले, आणि कापसाने चोपून काढलेल्या जमिनीवर भुईमूग, चवळी, रताळी घ्या म्हणून गरीब शेतकऱ्यांना सांगत फिरले. हे सगळं खरं आहे. पीनट बटर मात्र त्यांनी शोधलेलं नाही. ही चूक आपल्याकडचे भाषण करणारे अजून करतात, आणि त्यांच्या खऱ्या कामाला तिची गरजही नाही. शेतकऱ्याला परवडेल एवढंच सांगायचं, त्याला समजेल अशा भाषेत पत्रक लिहायचं, खत विकत घेता येत नसेल तर दलदलीतला गाळ आणि पालापाचोळा आणून टाकायला शिकवायचं. मृदाशास्त्र शिकलेल्या माणसाला त्यातलं हे मोठं वाटतं. त्याच गावात १९३२पासून १९७२पर्यंत सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सहाशे काळ्या पुरुषांवर अभ्यास केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजार काय आहे ते सांगितलं नाही, आणि पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. आजार पुढे कसा वाढतो ते पाहायचं होतं. हा अभ्यास सुरू झाला तेव्हा कार्व्हर त्याच गावात हयात होते; ते गेले १९४३ साली. माझ्या डोक्यातल्या टस्कीगीत ही चाळीस वर्षं कुठेच नव्हती.

असं एक एक वाचत गेलं की कुठल्याही राज्याची दोन चित्रं तयार होतात, एक घाबरवणारं आणि एक भारावून टाकणारं, आणि दोन्ही दुसऱ्याने काढलेली असतात. मला माझ्या कामाचं काहीतरी हवं होतं. ते मिळालं अमेरिकी कृषी खात्याच्या 'वेब सॉइल सर्व्हे'मध्ये. या संकेतस्थळावर देशातल्या जवळजवळ कुठल्याही शेतावर बोट ठेवायचं आणि खालची माती कुठली ते पाहायचं. पोत, निचरा, किती फुटांवर खडक, पावसाळ्यात पाणी साचतं की नाही, घराचा पाया घालायला जमीन कशी, सगळं तिथे आहे. आपल्याकडे हे काम नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो करतो. त्यामुळे नकाशावरचे रंग आणि मातीच्या वर्गांची नावं मला अनोळखी नव्हती. रात्री जेवणं झाली की मी अलाबामावर बोट ठेवत बसायची.

तिथे राज्याची म्हणून एक अधिकृत माती आहे. राज्यफूल, राज्यपक्षी असतात तशी राज्यमाती. तिचं नाव 'बामा'. तांबूस, निचऱ्याची, शेतीला चांगली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "हे बरं हाय. आपल्या सरकारले सांग." ऑबर्नच्या आसपासची जमीनही अशीच तांबडी, पण खालच्या बाजूला, राज्याच्या मध्यातून एक गडद पट्टा जातो. पश्चिमेला मिसिसिपीच्या हद्दीतून येतो आणि पूर्वेकडे जॉर्जियाच्या दिशेने विरत जातो. रुंदीला चाळीस-पन्नास किलोमीटर, राज्याच्या कमरेला बांधलेल्या करगोट्यासारखा. त्याला तिथे ब्लॅक बेल्ट म्हणतात.

त्यावर बोट ठेवलं आणि जे वाचलं ते मी आमच्या गावाबद्दल डोळे मिटून लिहू शकले असते. चिकण जास्त. भिजली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात भेगा. निचरा मंद. पाया, रस्ते, पाइप यांना धोका. हा व्हर्टिसोलचा स्वभाव, आपली काळी कसदार.

आमच्या वावरात एप्रिल-मेमध्ये भेगा अशा पडतात की मनगटापर्यंत हात जातो. लहानपणी त्यात भोवरा पडला की गेला. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून तोंड उघडल्यासारखं गटगट खाली जातं, आणि दोन मोठ्या पावसांनंतर तीच जमीन अशी मिटते की वरचं पाणी वरच राहतं, चपलेला किलोभर चिखल लागतो आणि चप्पल मागे राहते. पाऊस पडून गेल्यावर वाफसा यायची वाट पाहावी लागते. दोन दिवस आधी औत घातलं तर ढेकळं, दोन दिवस उशीर केला तर वखर जात नाही. अलाबामाच्या त्या पट्ट्यात वाफशाला काय म्हणतात कोण जाणे, पण त्याची वाट ते पाहतच असणार.

गंमत अशी की दोन्हींचे आईबाप वेगळे. आपली काळी माती आली बेसाल्टपासून, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला त्यातून. तिकडे सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता. आजचा निम्माअधिक अलाबामा पाण्याखाली, आणि तळाशी सूक्ष्म जीवांच्या कवचांचा चुना साचत गेला. समुद्र हटला, त्या खडूसारख्या खडकावर माती तयार झाली ती ही. सेल्मा हे गाव १९६५च्या मतदानहक्काच्या मोर्चामुळे जगाला माहीत आहे, पण भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात सेल्मा हे त्या चुन्याच्या थराचं नाव आहे. लाव्ह्यापासून निघा की खडूपासून, चिकणमातीचा कण शेवटी त्याच जातीचा निघाला तर शेतकऱ्याच्या नशिबी तेच येतं.

आणि तिथेही तेच पीक आलं. १८१९ साली अलाबामा राज्य झालं, तोवर त्या जमिनीवरून मूळच्या क्रीक लोकांना हुसकायला सुरुवात झालीच होती. गोऱ्या मळेवाल्यांनी काळा पट्टा हेरला, कापूस लावला, आणि तो वेचायला माणसं विकत आणली. १८६०च्या जनगणनेत अलाबामाची लोकसंख्या होती ९ लाख ६४ हजार, आणि त्यातले ४ लाख ३५ हजार गुलाम होते. ते कुठे होते हे वेगळा नकाशा काढून दाखवायची गरज नाही. मातीचाच नकाशा घ्या. जिथे माती काळी, तिथे मळे मोठे, तिथे गुलाम जास्त. आजही राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा जिल्हावार नकाशा पाहिला तर लाल, म्हणजे रिपब्लिकन राज्याच्या मध्यातून एक निळी, म्हणजे डेमोक्रॅटिक कमान जाते. आठ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या काठाकाठाने अजून मतदान होतंय. मृदाशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून जास्त काय लागतं?

इथे माझं स्वतःचं गाव गोष्टीत येतं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. दक्षिणेच्या राज्यांची पहिली राजधानी होती माँटगोमेरी, म्हणजे त्या काळ्या पट्ट्याच्या मधोमध. उत्तरेच्या आरमाराने मोबील बंदराची नाकेबंदी केली, तिथून निघणारा कापूस थांबला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. मुंबईत पैशाचा पाऊस पडला, प्रेमचंद रायचंदसारख्या व्यापाऱ्यांचे मजल्यावर मजले चढले, आणि १८६५च्या वसंतात युद्ध संपल्याची बातमी आली तसे बँका आणि शेअर धडाधड कोसळले. ही मुंबईची गोष्ट आपण ऐकलेली असते. वऱ्हाडाची कमी ऐकलेली असते. कापसाने एकदा वाट धरली ती धरली. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. १८७० साली जलंबहून खामगावला खास फाटा आला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावात आले. एवढ्या लहान गावात व्हाइसरॉय कशाला येईल? कापसाच्या बाजारासाठी आले. ज्वारीच्या जमिनी पऱ्हाटीखाली गेल्या, सावकार आले, जिनिंग-प्रेसिंग आले. माझ्या खापरपणजोबांनी कापूस लावला त्याला कारण अलाबामात चाललेलं युद्ध होतं, असं म्हटलं तर बाबा हसतात. पण नाकारतही नाहीत.

दोन मुलखांची सांगड घालताना सावध राहायला हवं हेही कळतं. आमच्याकडे कर्ज होतं, सावकारी होती, आणि पुढे आत्महत्या आल्या. पण आमची माणसं बाजारात उभी करून विकली गेली नव्हती. माती सारखी म्हणून इतिहास सारखा होत नाही. अलाबामाच्या त्या पट्ट्याशी आमच्याकडचं कुणाचं खरं नातं असेल तर ते वेगळ्या वाटेने आलंय, आणि ती वाट मला लाऊंड्स काउंटीत, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्यात सापडली.

सेल्माहून माँटगोमेरीला जाणारा हायवे लाऊंड्स काउंटीतून जातो. ७ मार्च १९६५ला मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांना सेल्माच्या पुलावर पोलिसांनी झोडपलं आणि दोन आठवड्यांनी तोच मोर्चा ८७ किलोमीटर चालत माँटगोमेरीला गेला, तो याच रस्त्याने. लाऊंड्समध्ये तेव्हा पाचांत चार माणसं काळी होती आणि त्या वर्षाच्या सुरुवातीला मतदार यादीत एकही काळा माणूस नव्हता. एकही नाही. पुढे तिथल्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. अलाबामात मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह लागायचं, कारण वाचता न येणारे मतदार खूप होते. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बैलजोडी, झोपडी, गाय-वासरू यांवर आपली लोकशाही उभी आहे. राज्यातल्या तेव्हाच्या प्रस्थापित डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि वर चक्क 'गोऱ्यांचं वर्चस्व' अशी घोषणा. लाऊंड्सच्या लोकांनी त्या कोंबड्यासमोर चिन्ह निवडलं काळा बिबट्या, म्हणजे ब्लॅक पँथर. १९६६च्या निवडणुकीत ते हरले, पण त्याच वर्षी तो बिबट्या कॅलिफोर्नियात ओकलंडला पोचला आणि तिथल्या तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. सहा वर्षांनी, १९७२ साली, मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर स्थापन केली.

आमच्या अकोल्यात पँथरची आठवण सांगणारे काका अजून भेटतात. त्यांच्यापैकी एकांना मी ही लाऊंड्सची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ओकलंडचं आम्हाला माहीत होतं पोरी, हे कोंबड्याचं नव्हतं माहीत. मग बराच वेळ त्या कोंबड्यावरच बोलत राहिले.

लाऊंड्सची आजची बातमी मात्र मातीचीच आहे. अमेरिकेच्या खेड्यांत गावभर गटारयोजना नसते. प्रत्येक घराची सेप्टिक टाकी, आणि टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायला चर. आता ज्या जमिनीत पाणी मुरतच नाही तिथे काय होणार? पावसाळ्यात टाकी तुंबते, घाण न्हाणीत उलटी येते. फुगणाऱ्या चिकणमातीत चालेल अशी वेगळी यंत्रणा मिळते, पण ती तिथल्या गरिबाच्या आवाक्यात नाही, म्हणून अनेक घरांतून एक पाइप सरळ मागच्या अंगणात सोडलेला असतो. २०१७ साली एका अभ्यासात तिथल्या तपासलेल्या माणसांपैकी कित्येकांत हुकवर्मचे अंश सापडले. हा जंत अमेरिकेतून गेला असं सगळे धरून चालले होते. २०२३ साली केंद्राच्या न्याय विभागाने राज्याच्या आरोग्य खात्याशी यावर करार केला. २०२५ मध्ये नव्या सरकारने तो गुंडाळला. वेब सॉइल सर्व्हेत त्या जमिनीवर बोट ठेवलं तर सेप्टिकसाठी योग्यता या रकान्यात लिहिलेलं असतं, 'फार मर्यादित'. माती कुणाचा रंग पाहत नाही हे खरं, पण त्या मातीवर शेवटी कोण उरलं हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

त्याच न मुरणाऱ्या जमिनीत काही काउंट्यांनी तळी खोदली आणि कॅटफिश नावाचा मासा पाळायला सुरुवात केली. कापूस गेला, मासा आला. पाणी धरून ठेवायच्या ज्या गुणाने घरांचं वाटोळं केलं त्याच गुणावर धंदा चालतो. बाबांना आमच्या शेततळ्याला प्लॅस्टिक लागलं नव्हतं ते आठवलं, आणि इतक्या वेळात त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "मासा काय भाव जाते तिकडं?"

ऑबर्नकडे येते. विद्यापीठाबद्दल लिहिण्यासारखं बरंच आहे, पण मला त्यातली फक्त एक एकर जागा खरी महत्त्वाची वाटते. 'ओल्ड रोटेशन' नावाचा प्रयोग तिथे १८९६ साली जे. एफ. डग्गर या प्राध्यापकांनी सुरू केला. एक एकर, तेरा वाफे, आणि कापूस. एका वाफ्यात वर्षानुवर्षं कापसामागे कापूस, नत्राचं खत नाही, द्विदल नाही. दुसऱ्यात कापसामागे हिवाळ्यात द्विदल हिरवळीचं पीक. आणखी कुठे कापूस-मका, कुठे तीन वर्षांची फेरपालट. तेव्हापासून आजतागायत हे चालू आहे. महायुद्धं आली, बोंडात शिरणारा भुंगा आला, ट्रॅक्टर आला, जनुकबदल केलेलं बियाणं आलं, पण वाफे तेच राहिले. कापसावरचा जगातला सर्वांत जुना अखंड प्रयोग हाच. आता अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत, राजवाड्यांच्या आणि चर्चच्या शेजारी, या तेरा वाफ्यांचं नाव आहे. मला जे प्राध्यापक बोलावताहेत त्यांच्या कामाचे नमुने याच वाफ्यांतून जातात.

नुसता कापूस घेतलेला वाफा आणि द्विदल घेतलेला वाफा यांतल्या कर्बात आणि उताऱ्यात फरक किती, हे शंभर वर्षांच्या तक्त्यात दिसतं. आमच्या बाबांना ते तक्ता न पाहता माहीत आहे. म्हणून ते पऱ्हाटीच्या दर काही ओळींनंतर तुरीचं तास टाकतात. पण माहीत असणं आणि सव्वाशे वर्षं मोजत राहणं यांत फरक आहे, आणि मला तेवढ्यासाठीच जायचंय. आपल्याकडे प्रयोग प्रकल्पाच्या मुदतीबरोबर संपतो. तीन वर्षं, अहवाल, पुढचा प्रकल्प. हे मी कुणा एकाला नावं ठेवायला म्हणत नाही, पैसाच तसा येतो. पण एकाच वाफ्याला सहा पिढ्यांचे विद्यार्थी लाभणं ही चैन आहे.

१८९६ हेच कार्व्हर टस्कीगीला आले ते वर्ष. तीस किलोमीटरच्या अंतरात, एकाच वर्षी, दोन माणसं दमलेल्या कापूसजमिनीला द्विदल पीक द्या हीच गोष्ट सांगत होती. एक गोऱ्यांच्या विद्यापीठात, दुसरा काळ्यांच्या. ऑबर्नमध्ये पहिल्या काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला तो १९६४च्या जानेवारीत, कोर्टाच्या हुकमावरून. त्यांचं नाव हॅरल्ड फ्रँकलिन. इतिहासात एम.ए. करायला आले होते. त्यांचा प्रबंध काही केल्या मान्य होईना, शेवटी ते दुसरीकडे गेले, शिकले, प्राध्यापक झाले. ऑबर्नने त्यांना पदवी दिली २०२० साली. तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते, आणि पुढच्याच वर्षी गेले. मी ज्या प्रशासकीय पत्रावर सही करून प्रवेश स्वीकारला, तसंच एखादं पत्र त्यांनाही आलं असेल, असा विचार मनात येऊन गेला. माझ्या पत्रात मात्र मला वसतिगृहात आपली खोली सजवायला काय आणावं याची यादीही आहे.

फुटबॉलबद्दल काही लिहिलं नाही तर तिथे आधीच असलेला यवतमाळचा दादा रागावेल. राज्यात दोन मोठी विद्यापीठं, ऑबर्न आणि टस्कलूसाचं अलाबामा विद्यापीठ, आणि त्यांची वर्षातून एकदा होणारी मॅच. म्हणे लग्न ठरवतानाही विचारतात, घर कुठल्या बाजूचं. ऑबर्न जिंकलं की लोक टूमर्स कॉर्नरच्या ओकच्या झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकून झाडं पांढरी करतात. मला त्यातला वेडेपणा कळत होता, पण रस नव्हता, आणि मग एक तपशील वाचला. २०१०च्या मॅचनंतर दुसऱ्या बाजूच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळांशी टेब्युथायुरॉन नावाचं तणनाशक ओतलं आणि पुढे रेडिओवर फोन करून स्वतःच सांगितलं. हे औषध जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं. झाडं वाचवायला माती उकरून काढली, बदलली, तरी उपयोग झाला नाही. २०१३ साली सव्वाशेहून जास्त वर्षं जुनी झाडं तोडावी लागली. मॅच कोण जिंकलं होतं ते मी विसरले, औषधाची मात्रा किती होती ते मात्र दादाला विचारलं. तो म्हणाला, तू इथे रमशील.

बाकी गोष्टी दादाकडूनच कळत गेल्या. गावात फिरायला कार लागते, नसेल तर कारवाल्याशी मैत्री. विमानतळ अटलांटाचा, शेजारच्या जॉर्जिया राज्यात. तिथून येताना चॅटाहूची नदी ओलांडली की घड्याळ एक तास मागे करायचं. उन्हाळ्यात घर साडेदहा तास मागे, हिवाळ्यात साडेअकरा, म्हणजे आईला फोन करायचा तर माझी सकाळ आणि तिची रात्र. तूरडाळ गावातही मिळते, पण महिन्याचा किराणा भरायला लोक अटलांटाजवळ डिकेटरला जातात. ऑगस्टमध्ये घाम असा येतो की अकोल्याचं त्रेचाळीस अंश बरं वाटावं, कारण आपला उन्हाळा कोरडा असतो. भाजी मागितली तरी नीट विचारून घे, कारण पालेभाजीतही डुकराच्या मांसाचा तुकडा शिजवलेला असतो. भेंडी मिळते, तळलेली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी खातात, शुभ म्हणून. आणि दक्षिणेकडच्या रस्त्यांवर हंगामात मोठ्या पातेल्यांतून मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा विकतात. आईने हे ऐकलं आणि मामांच्या साऱ्या व्हिडिओंनंतर पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झाला. शेंगा उकडून खाणारे लोक फार वाईट नसणार, असं तिचं मत आहे. मी वाद घातला नाही.

व्हिसाच्या मुलाखतीसाठी मी वरच्या सगळ्याची तयारी केली होती. अलाबामाच का, असं विचारलं तर ओल्ड रोटेशन सांगायचं, वऱ्हाड सांगायचं, फार तर लॉर्ड मेयोंना आणायचं. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, खर्च कोण करणार? मी असिस्टंटशिपचं पत्र दाखवलं. परत येणार का? म्हटलं, शेत आहे. झालं.

आता निघायची तयारी चालू आहे. प्राध्यापकांना आमच्या वावरातल्या मातीचा नमुना तुलनेसाठी हवाय, पण परदेशची माती अमेरिकेत न्यायची तर त्यांच्या कृषी खात्याचा परवाना लागतो, आणि तो प्रयोगशाळेच्या नावाने निघतो, माझ्या नव्हे. ते काम सुरू आहे. नमुना पुढे कुरिअरने जाईल. मी मात्र कोरी जायची आहे. दादाने बजावलंय की कस्टम्सच्या अर्जात एक प्रश्न असतो: तुम्ही माती आणताय का, किंवा शेतावर जाऊन आलात का? खरं उत्तर 'हो' आहे, आणि 'हो' लिहिलं की बूट तपासतात. बाबांनी माझे शेतातले बूट परवा हौदावर दोनदा धुतले, काडीने तळव्याच्या खाचा कोरल्या, आणि तरी एका खाचेत काळी राहिलीच म्हणून तिसऱ्यांदा भिजत घातलेत.